सुईने दुखणे जाते काय?



काट्याने काटा काढावा, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती वापरताना आपल्या मनात एखादा शत्रू असतो, क्वचित एखादा त्रासदायक शेजारी असतो. दुखरा गुडघा काही नसतो. परंतु अंगात सुया टोचून अंगातलेच दुखणे काढू पाहणारी एक विद्या चीन देशात दोन हजारांहून अधिक वर्षे चालत आली आहे, आणि आता ती आपल्याही गावांतून, बाजारपेठेतल्या एखाद्या दुकानाच्या माडीवर पाटी लावून बसलेली दिसते. तिचे नाव ॲक्युपंक्चर. मराठीत सूचिचिकित्सा म्हणावयास हरकत नाही.

या विषयाकडे मी वळलो तो केवळ कुतूहलाने नव्हे. माझी थोरली बहीण, आमची अक्का, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. तिचे दोन्ही गुडघे झिजलेले. रविवारी मिस्साच्या वेळी सारी मंडळी गुडघे टेकीत तेव्हा ती बाकावर बसून राही, आणि दुखण्यापेक्षाही त्या बसण्याची तिला अधिक खंत वाटे. शेजारणीच्या सांगण्यावरून ती सुया टोचून घेऊ लागली. पुढे काय झाले ते मी ओघाने सांगेनच. तूर्त एवढेच सांगतो की त्यावरून घरात वाद माजला. भाचा म्हणे, ‘हे सारे थोतांड आहे.’ अक्का म्हणे, ‘थोतांड असते तर मी आता जिना कशी चढते?’ मी दोघांच्या मध्ये, आणि मला दोघांचेही म्हणणे खोडता येईना. मी वैद्य नव्हे. शाळेत विज्ञान शिकविणारा शिक्षक आहे. म्हणून शिक्षकाला जे करता येते तेच मी केले. वाचीत बसलो. त्या वाचनातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम या चिकित्सेत प्रत्यक्ष काय करतात ते पाहू. सुई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे इंजेक्शनची सुई उभी राहते. ही सुई तशी नसते. ती भरीव असते, तिच्यातून कोणतेही औषध आत जात नाही, आणि ती इतकी बारीक असते की तिची जाडी साधारणतः पाव मिलिमीटर भरते. रोग्याला पालथे किंवा उताणे निजवून ठरलेल्या जागी अशा पाच-दहा, क्वचित अधिक सुया टोचतात आणि वीस मिनिटे ते अर्धा तास तशाच ठेवतात. मधून मधून वैद्य त्या बोटाने फिरवितो. तेव्हा त्या जागी एक प्रकारचा जडपणा, बधिरपणा किंवा मुंग्या आल्यासारखे वाटते. चिनी वैद्य त्याला ‘दे-ची’ म्हणतात आणि ते जाणवले म्हणजे सुई योग्य जागी लागली असे मानतात. हल्ली पुष्कळ ठिकाणी सुयांना तारा जोडून अगदी सौम्य वीजप्रवाहही सोडतात. काही वैद्य सुईबरोबरच एका वाळविलेल्या वनस्पतीची वात पेटवून त्वचेजवळ धरतात व शेक देतात. ही वनस्पती आपल्या दवण्याचीच बहीण. वनस्पतिशास्त्रात दोघींची प्रजाती एकच. चैत्रात दवणा देवाला वाहणारे आपण आणि त्याची बहीण गुडघ्यावर पेटविणारे चिनी, असा हा शेजार आहे.

ही विद्या किती जुनी, याविषयी पाटीवर ‘पाच हजार वर्षांची परंपरा’ असे लिहिलेले आढळते. ते जपूनच घ्यावे. चीनमध्ये मावांगद्वी येथे इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेली एक कबर १९७३ साली उघडण्यात आली. तीत रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ सापडले. त्यांत शरीरातील वाहिन्यांचे वर्णन आहे, शेक देण्याची पद्धत आहे, परंतु या वाहिन्यांवर सुया टोचण्याचा उल्लेख नाही. सुयांचा व्यवस्थित विचार प्रथम दिसतो तो ‘पीतसम्राटाचा अंतर्वैद्यक ग्रंथ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संहितेत, आणि तिची रचना इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या एक-दोन शतकांतली मानतात. म्हणजे विद्या दोन हजार वर्षांची खरीच; पाच हजारांची नव्हे. दोन हजार वर्षे हेही काही थोडेथोडके वय नव्हे. ते वाढवून सांगण्याची गरज का पडावी, हे मला उमगलेले नाही.

या इतिहासातली एक गोष्ट मला शिक्षक म्हणून फार आवडली. अकराव्या शतकात सुंग घराण्याच्या अमदानीत वांग वैयी नावाच्या राजवैद्याने पुरुषभर उंचीचे ब्राँझचे पुतळे ओतवून घेतले. त्यांच्या अंगावर टोचण्याच्या प्रत्येक जागी एक छिद्र ठेवले होते. परंपरा असे सांगते की परीक्षेच्या दिवशी पुतळ्यावर मेणाचा लेप देऊन छिद्रे बुजवीत आणि पोटात पाणी किंवा पारा भरीत. विद्यार्थ्याने सुई मारावयाची. जागा बरोबर असली तर द्रव बाहेर येई, चुकली तर सुई धातूवर अडे. परीक्षकाला पक्षपात करावयास जागाच नाही! अशी प्रश्नपत्रिका मला या जन्मी काढता येईल असे वाटत नाही.

परंतु चीनमध्येही या विद्येचे दिवस नेहमीच चांगले नव्हते. १८२२ साली सम्राटाच्या आज्ञेने राजवैद्यांच्या विद्यालयातून सूचिचिकित्सा काढून टाकण्यात आली. १९२९ साली तर जुने सारे वैद्यकच मोडीत काढण्याचा ठराव झाला होता. वैद्यांनी एकजुटीने निषेध केला म्हणून तो अमलात आला नाही. १९४९ नंतर माओंच्या राजवटीने तिला पुन्हा उचलून धरले. अफाट देश, डॉक्टर मूठभर, औषधे महाग. हाताशी होते ते जुने वैद्य. माओंचे खाजगी डॉक्टर ली झीसुई यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले की खुद्द माओंचा या जुन्या वैद्यकावर विश्वास नव्हता. राज्यकर्त्यांचे असेच असते.

याच काळाशी आपला, मराठी माणसांचा, एक धागा जुळतो. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला हिंदी राष्ट्रसभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू होते. कोटणीस तेथेच डिसेंबर १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले. शांतारामबापूंच्या १९४६ सालच्या चित्रपटामुळे ती कथा घरोघरी पोहोचली. बसू परत आले. ते १९५८ साली पुन्हा चीनला गेले, ही सुयांची विद्या शिकले आणि कलकत्त्यास येऊन त्यांनी ती सुरू केली. हिंदुस्थानात आधुनिक काळात सूचिचिकित्सा आली ती अशी. बसूंनी आपल्या मित्राच्या नावे चालविलेल्या कार्यामुळे कोटणिसांचे नावही तिच्याशी जोडले गेले. पुढे पश्चिम बंगालने १९९६ साली आणि महाराष्ट्राने २०१५ सालच्या अधिनियमान्वये या चिकित्सेसाठी कायदा केला.

पश्चिमेकडे मात्र तिचा गाजावाजा झाला तो एका आंत्रपुच्छामुळे. १९७१ च्या जुलैत न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राचे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगमध्ये असताना त्यांचे आंत्रपुच्छ सुजले. शस्त्रक्रिया झाली. ती नेहमीचे भुलीचे इंजेक्शन देऊनच झाली. दुसऱ्या रात्री पोट फुगून अस्वस्थता वाढली, तेव्हा तेथील वैद्याने कोपराला आणि गुडघ्यांखाली तीन सुया टोचल्या व पोटावर धुराचा शेक दिला. रेस्टनना बरे वाटले आणि त्यांनी तसे छापले. ही हकीकत तोंडोतोंडी जाताना काय झाले पाहा: सुया टोचून, भूल न देताच त्यांचे पोट फाडले, असे पुष्कळजण आजही सांगतात. त्या सुमारास चिनी रुग्णालयांत केवळ सुयांवर शस्त्रक्रिया होत असल्याचे पाहुण्यांना दाखवीतही असत. परंतु ते रोगी निवडून घेतलेले असत आणि पुष्कळदा त्यांना वेदनाशामक औषधेही दिलेली असत, हे नंतर उघड झाले.

आता मुख्य प्रश्न. सुई टोचल्याने होते तरी काय?

जुने चिनी उत्तर असे: शरीरात ‘ची’ नावाची प्राणशक्ती वाहिन्यांतून वाहते. ती तुंबली की दुखणे येते. सुईने तुंबारा मोकळा होतो. मुख्य वाहिन्या बारा, कारण चीनमधील मोठ्या नद्या बारा. आणि टोचण्याच्या जागा ३६५, कारण वर्षाचे दिवस तितके. शेतात पाटाचे पाणी फिरविणाऱ्या समाजाला शरीरही पाटबंधाऱ्यासारखे दिसावे, हे स्वाभाविक आहे आणि सुंदरही आहे. परंतु शवविच्छेदनात किंवा सूक्ष्मदर्शकाखाली या वाहिन्या आजवर कोणालाही दाखविता आलेल्या नाहीत. तेव्हा त्यांना नकाशावरच्या अक्षांश-रेखांशांसारखे मानावे: जागा सांगावयास त्या उपयोगी पडतात, पण जमीन खणली तर रेघ सापडत नाही.

आधुनिक शरीरशास्त्राचे उत्तर निराळ्या वाटेने येते. मुलगा खेळताना पडतो, कोपर आपटते, आणि कोणीही न शिकविता तो पहिली गोष्ट करतो ती कोपर चोळण्याची. चोळल्याने बरे का वाटते? १९६५ साली मेल्झॅक व वॉल या दोन शास्त्रज्ञांनी असे मत मांडले की वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत त्याला जणू एक दार लागते. स्पर्शाचे निरोप त्याच सुमारास आले तर ते दार काही अंशी लोटले जाते आणि वेदनेचा निरोप आत कमी पोहोचतो. त्यांच्या सिद्धांतात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, परंतु मूळ कल्पना टिकली. सुईच्या टोचणीने मज्जातंतू चाळवतात आणि त्यांचे निरोप असेच वेदनेच्या आड येतात.

दुसरी गोष्ट याहून नवलाची. अफूने वेदना थांबते हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु १९७५ साली असे सिद्ध झाले की आपला मेंदू स्वतःच अफूसारखी द्रव्ये तयार करतो. अफूचा अंमल उतरविणारे नॅलोक्सोन नावाचे एक औषध आहे. १९७७ साली काही संशोधकांनी सुयांनी वेदना कमी झालेल्या माणसांना ते दिले, तो सुयांचा परिणाम ओसरला. त्याचा अर्थ असा की सुई अंगातलीच अफू बाहेर काढीत असावी. पेकिंगचे प्राध्यापक हान जीशेंग यांनी पुढे दाखविले की सुईला जोडलेल्या विजेचे ठोके सेकंदाला दोन असले तर एक प्रकारची द्रव्ये पाझरतात आणि शंभर असले तर दुसऱ्या प्रकारची. २०१० साली अमेरिकेत उंदरांवर केलेल्या प्रयोगांत आढळले की सुई फिरविल्यावर त्या जागच्या ऊतींत ॲडेनोसीन हे द्रव्य वाढते आणि तेथल्या तेथे वेदना दाबते. २०२१ साली उंदराच्या मागच्या पायातील विशिष्ट मज्जातंतू चाळविल्याने अंगातील दाह उतरतो, असेही दाखविण्यात आले. आणि त्या मज्जातंतूंची जागा जुन्या ग्रंथातील गुडघ्याखालच्या एका बिंदूशी जुळत होती. हे वाचून मला आनंद झाला हे कबूल करतो. पण उंदीर तो उंदीर. त्याच्या पायाचे शास्त्र अक्काच्या गुडघ्याला जसेच्या तसे लावता येत नाही.

येथवर ऐकून आपणास वाटेल की भाचा हरला. तसे नाही. आता त्याची बाजू ऐका.

एखाद्या उपायाने बरे वाटले म्हणजे तो उपायच कारण झाला असे होत नाही. काही दुखणी आपोआप ओसरतात. आणि कोणी आपुलकीने अंगाला हात लावला की अर्धे दुखणे हलके होते, हे तर प्रत्येक आईला ठाऊक आहे. मग सुईचे श्रेय वेगळे कसे काढावे? संशोधकांनी युक्ती केली: खोटी सुई. काही प्रयोगांत भलत्याच जागी, अगदी वरवर टोचतात. १९९८ मध्ये तर जर्मनीत अशी सुई पुढे आली की तिचे टोक बोथट असते आणि दाबली की ती आपल्याच मुठीत शिरते, नाटकातल्या खंजिरासारखी. रोग्याला वाटते टोचली, टोचलेली नसते.

जर्मनीतच कंबरदुखीच्या १,१६२ रोग्यांचे तीन गट पाडून एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर खऱ्या सुयांच्या गटात शंभरांत ४७.६ जणांना गुण आला होता. औषधे, व्यायाम अशा नेहमीच्या उपचारांच्या गटात २७.४ जणांना. येथवर सुयांचा विजयच. पण खोट्या सुयांच्या गटात? ४४.२! म्हणजे नेहमीच्या उपचारांपेक्षा सुया पुष्कळ सरस, आणि खऱ्या-खोट्या सुयांत फरक जेमतेम. ब्राँझच्या पुतळ्यावर छिद्र चुकले म्हणून नापास झालेल्या त्या विद्यार्थ्यांची मला येथे आठवण झाली.

पुढल्या वर्षी अमेरिकेत आतड्यांच्या एका चिवट विकाराचे २६२ रोगी घेऊन आणखी एक प्रयोग झाला. त्यात खरी सुई कोणालाच टोचली नाही. एका गटाला नुसते थांबावयास सांगितले. शंभरांत २८ जणांनी पुरेसे बरे वाटल्याचे सांगितले. दुसऱ्याला खोट्या सुया, पण वैद्य अबोल, ४४. तिसऱ्याला त्याच खोट्या सुया, पण वैद्याने जवळ बसून विचारपूस केली, धीर दिला, ६२. हे आकडे मी शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखविले तेव्हा एक वयस्क सहकारी म्हणाले, ‘मास्तर, हे तर प्रत्येक डॉक्टराच्या भिंतीवर टांगा.’

मग सुई म्हणजे नुसता भासच काय? तेही म्हणवत नाही. २०१८ साली ३९ चाचण्यांतील २०,८२७ रोग्यांची माहिती एकत्र करून गणित मांडण्यात आले. पाठ, मान, खांदा, गुडघा आणि डोके यांच्या जुनाट दुखण्यांत खरी सुई खोट्या सुईपेक्षा थोडी सरस ठरली. फरक लहान होता, परंतु योगायोगाने पडावा असा नव्हता, आणि उपचार संपल्यावर वर्षभराने त्यातला मोठा भाग टिकून होता. तेव्हा माझे मत असे बनले आहे, श्रोतेहो: सुईच्या गुणाचा थोरला हिस्सा त्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा, आशेचा आणि वैद्याच्या हाताचा आहे, धाकटा हिस्सा खुद्द सुईचा आहे. तो धाकटा असला तरी खरा आहे. मोठमोठ्या तज्ज्ञांचेही यावर एकमत नाही. ब्रिटनमध्ये डॉक्टरांना मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने २००९ साली कंबरदुखीला सुया सुचविल्या, २०१६ साली ती सूचना मागे घेतली, आणि २०२१ साली दीर्घकालीन दुखण्यांत त्यांचा विचार करावयास हरकत नाही असे पुन्हा म्हटले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी ज्या उपायांना सशर्त मान्यता दिली त्यांतही सुया आहेत.

याखेरीज अर्धशिशी आणि ताणाने येणारी डोकेदुखी वारंवार उठू नये म्हणून, तसेच शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर, सुयांचा काही उपयोग होतो असे दिसून आले आहे. यादी येथे जवळजवळ संपते. मधुमेह, कर्करोग, दमा, बहिरेपणा, अर्धांग, मूत्रपिंडाचे विकार ही जी नावे आपण पाट्यांवर एकाखाली एक वाचतो, ते रोग सुईने बरे होतात असा भरवसा देण्याजोगा पुरावा नाही. पाटी जितकी लांब तितका वैद्य आखूड, असे समजावे.

आता धोक्याविषयी. येथे प्रथम चांगली बातमी सांगतो. जर्मनीत प्रशिक्षित डॉक्टरांकडून सुया टोचून घेतलेल्या २,२९,२३० रोग्यांची पाहणी झाली. शंभरांत साधारण नऊजणांना काही ना काही त्रास झाला. तो बहुधा थोडे रक्त येणे, काळेनिळे पडणे, जागा दुखणे असा किरकोळ होता. सुई फुफ्फुसापर्यंत जाऊन छातीत हवा शिरण्याचा गंभीर प्रकार सव्वादोन लाखांहून अधिक रोग्यांत दोन वेळा घडला. वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे खाऊन जठराला व मूत्रपिंडांना जी इजा होते, तिच्या तुलनेत हे भय फार नव्हे.

परंतु त्या पाहणीतले टोचणारे डॉक्टर होते, आणि सुया एकदा वापरून टाकून देण्याच्या होत्या. या दोन अटी सुटल्या की चित्र पालटते. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात १९८४ साली एकाच सूचिचिकित्सकाकडे गेलेल्या ३५ जणांना ‘ब’ प्रकारची कावीळ झाली. हा विषाणू रक्ताच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अंशातूनही एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जातो. आपल्याकडे सुया स्पिरिटमध्ये बुडवून ठेवल्या की त्या शुद्ध झाल्या, अशी समजूत आहे. ती चूक आहे. दाबाखालच्या वाफेत, १२१ अंश उष्णतेवर, ठरलेला वेळ ठेवले म्हणजे धातूचे उपकरण निर्जंतुक होते. आज बंद पुडीतली, एकदाच वापरावयाची सुई सहज मिळते आणि ती महागही नाही. तेव्हा तिच्यावाचून दुसरी सुई अंगाला लावू देण्याचे काहीएक कारण उरलेले नाही.

आणखी काही गोष्टी. छातीवर आणि खांद्याच्या वरच्या बाजूस सुई खोल जाऊ नये. फुफ्फुस तेथे त्वचेपासून फार दूर नसते, विशेषतः कृश माणसाचे. छातीच्या मधल्या हाडाला काही माणसांत जन्मजात एक छिद्र असते, ते बाहेरून कळत नाही, आणि त्यातून सुई हृदयापर्यंत पोहोचल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तसे आधी सांगावे. हृदयाचे ठोके सांभाळणारे यंत्र ज्यांच्या छातीत बसविले आहे त्यांनी सुयांना वीज जोडू देऊ नये. पहिल्या खेपेस कित्येकांना भोवळ येते, म्हणून बसून नव्हे तर निजून टोचून घ्यावे आणि जाण्यापूर्वी काही खाल्लेले असावे.

इतके सांगूनही सर्वांत मोठा धोका सांगावयाचा राहिलाच आहे, आणि तो सुईच्या टोकाला नसतो. तो मला अक्काच्या हकीकतीने सांगता येईल.

अक्का ज्यांच्याकडे जात होती त्यांच्याकडे मी एकदा तिला सोडावयास गेलो होतो. माणूस बोलावयास गोड, हात हलका. टेबलावर स्टीलच्या डबीत सुया, वर स्पिरिट. मला तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही; विज्ञानाच्या शिक्षकाला वाटावयास हवे होते. दहा खेपांत अक्काचे गुडघे खरोखरच हलके झाले. एका रविवारी ती पुढच्या बाकाला धरून गुडघ्यांवर टेकली, तेव्हा मी मागे वळून भाच्याकडे पाहिले. त्याने मान खाली घातली. त्या दिवशी अक्का जिंकली होती.

त्यानंतर त्या गृहस्थांनी तिला सांगितले की रक्तदाबाच्या गोळ्या म्हणजे विषच, आता कानातल्या एका बिंदूने तोही उतरेल. ज्या हाताने गुडघा बरा केला त्याचा शब्द कोण मोडील? तिने अकरा वर्षे चालू असलेली गोळी बंद केली. आम्हांला कोणाला सांगितले नाही. चार महिन्यांनी एका पहाटे तिच्या डाव्या हातातून चहाची कपबशी निसटली, आणि बोलावयास गेली तो तोंड वाकडे झालेले. इस्पितळात रक्तदाब मोजला तेव्हा परिचारिकेने पट्टा पुन्हा बांधून दुसऱ्यांदा मोजला. वेळेवर पोहोचलो म्हणून बचावली. बोलणे सुधारले, डाव्या हाताची बोटे अजून बटण लावीत नाहीत.

सुईने तिला अर्धांग झाले असे मी म्हणणार नाही. सुईने ते केले नाही. ते केले गोळी सोडण्याने, आणि गोळी सोडावयास लावली ती सुईने मिळविलेल्या विश्वासाने. ज्या उपायाचा थोडा गुण येतो त्याचे हेच भय असते. ज्याचा मुळीच गुण येत नाही त्याला माणूस आठवड्याभरात सोडून देतो.

म्हणून कोणी मला विचारले तर मी असे सांगतो. दुखणे जुने असेल, डॉक्टरांनी तपासून त्याचे कारण सांगितले असेल आणि गोळ्या कमी कराव्यात अशी इच्छा असेल, तर सुया जरूर टोचून पाहाव्यात. टोचणाऱ्याचे शिक्षण आणि नोंदणी विचारावी. विचारण्याचा संकोच वाटू देऊ नये, शाळेत घालताना आपण शाळेची मान्यता विचारतोच. पुडी आपल्यासमोर फोडावयास सांगावी. सहा-आठ खेपांत फरक न पडल्यास थांबावे. आणि दुसरे कोणतेही औषध, ज्याने ते दिले त्याला विचारल्यावाचून, एक दिवसही सोडू नये. नवीन दुखणे, छातीतली कळ, एकाएकी आलेला अशक्तपणा, अकारण घटणारे वजन, यांसाठी सुईवाल्याकडे जाऊच नये.

अक्काचे काय झाले, असे आपण मनात म्हणत असाल. घरी आल्यावर दोन-तीन महिन्यांनी तिचे गुडघे पुन्हा दुखू लागले आणि तिने पुन्हा सुयांचे नाव काढले. भाचा उसळला. मी म्हणालो, जाऊ दे तिला. आता ती दुसऱ्या ठिकाणी जाते. तेथील बाई आधी रक्तदाब मोजतात, गोळी घेतली का विचारतात, मगच पुडी उघडतात. अक्काच्या पिशवीत गोळ्यांची डबी असते. पहिल्याच दिवशी तिने ती डबी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, ‘बाई, गुडघे तुमचे, पण ही डबी माझी. हिच्याबद्दल काही बोलायचं नाही.’ बाई हसल्या आणि त्यांनी डबीवरची तारीख वाचून पाहिली.